खिडकीची जागा

मराठीतला ‘खिडकी’ हा शब्द मुळात उजेडाचा नाही, तो वाटेचा आहे. संस्कृत कोशांत ‘खडक्किका’ असा शब्द सापडतो आणि त्याचा अर्थ बाजूचे किंवा मागले दार असा दिला जातो. प्राकृतात तो ‘खडक्की’ झाला आणि तिथून आपल्याकडे आला. वाड्याच्या किंवा किल्ल्याच्या मोठ्या दरवाजात एका माणसाने वाकून आत शिरावे एवढे जे छोटे दार ठेवतात, त्याला जुनी माणसे दिंडी म्हणत, तसेच खिडकीही म्हणत. शनिवारवाड्याच्या पाच दरवाजांपैकी एकाचे नाव ‘खिडकी दरवाजा’ आहे ते याच अर्थाने. सहलीला नेलेले आमचे विद्यार्थी ते नाव ऐकले की माना वर करून झरोका शोधू लागतात, आणि मग त्यांना शब्दार्थाचा इतिहास सांगण्याची एक आयती संधी आम्हांला मिळते.

उजेडाचे आणि वाऱ्याचे शब्द निराळे आहेत. ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट. ‘गवाक्ष’ म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा. ‘तावदान’ फारसीतून आले, त्यातल्या ‘ताब’ला प्रकाशाचा आणि तापाचा असा दुहेरी अर्थ आहे. इंग्रजांचा ‘विंडो’ हा शब्दही जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाच्या समासातून आला आहे. एवढे सगळे पर्याय हाताशी असताना बोलीभाषेने रोजच्या वापरासाठी चोरदारासारखा ‘खिडकी’ हाच शब्द का निवडला असेल, याचा विचार करू लागलो की भिंतीकडे पाहावे लागते. भिंतीला पाडलेले कोणतेही भोक हे आधी दार असते. त्यातून काय आत येईल आणि काय बाहेर जाईल याची चिंता घराला प्रथम वाटते. उजेडाचे कौतुक मागाहून सुचते.

प्रस्तुत लेखाचा विषय म्हणूनच खिडकी हा नाही, खिडकीसाठी भिंतीत करावी लागणारी जागा हा आहे. जुन्या घराची दुरुस्ती निघाली की घरातले लोक बहुधा पहिली मागणी करतात ती मोठ्या खिडक्यांची. पुण्यातल्या पेठांत, साताऱ्यात, वाईत, नाशकात जे वाडे अजून उभे आहेत त्यांच्या भिंतींवर पावसाळ्यापूर्वीच्या दोन महिन्यांत छिन्नी-हातोड्याचे आवाज ऐकू येतात. हे काम वरवर गवंड्याचे आणि सुताराचे दिसते. पण भिंत कोणी फोडायची, कोणाच्या सांगण्यावरून फोडायची आणि कोणाची त्याला हरकत असू शकते, या प्रश्नांना आपल्याकडे निदान सव्वाशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो वाचायला हवा असे आम्हांला वाटते, कारण आपल्या कादंबऱ्यांतली माणसे याच भिंतींच्या आत वाढली.

त्याआधी थोडे मागे जाऊ. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या आणि अजून शाबूत असलेल्या खिडक्या भाजे, कार्ले येथील चैत्यगृहांच्या दर्शनी भागात आहेत. कार्ल्याच्या चैत्याची घोड्याच्या नालेसारखी ती प्रचंड कमान दरवाजांच्या वर उघडते आणि तिच्यातून आलेला उजेड थेट आतल्या स्तूपापर्यंत पोहोचतो. ही कमान काहीही पेलत नाही. अखंड कातळात कोरलेली असल्यामुळे वरचा डोंगर स्वतःचे वजन स्वतःच सांभाळतो. तरीही कारागिरांनी तिला आकार दिला तो लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्यांचा, म्हणजे ज्या बांधकामात कमानीला खरोखरच भार घ्यावा लागे त्याचा. छिन्नी दगडावर चालत होती, पण हाताला आठवण लाकडाची होती. साहित्यात छंदांच्या बाबतीत असेच काहीसे घडते, पण तो विषय वेगळा.

काव्यातली खिडकी मात्र स्त्रियांची आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त सातव्या सर्गात अजाची मिरवणूक नगरात येते तेव्हा नगरातल्या स्त्रिया हातातली कामे अर्धवट टाकून गवाक्षांकडे धावतात, ‘कुमारसंभवा’तही शिवाच्या वरातीसाठी हाच प्रसंग योजलेला आहे, आणि त्याच्या आधी अश्वघोषाने ‘बुद्धचरिता’त राजपुत्राची स्वारी पाहायला स्त्रियांना अशाच खिडक्यांत आणून उभे केले होते. या सर्व वर्णनांत पाहण्याची दिशा आतून बाहेर अशी आहे. स्त्री पाहते आणि रस्ता पाहिला जातो. पुढे कायद्याच्या पुस्तकात हीच दिशा कशी उलटी होते ते आपण पाहू. त्यासाठी आधी वाड्याच्या भिंतीची रचना समजून घ्यावी लागेल.

पेशवाई घाटाच्या वाड्याला रस्त्याकडून पाहिले तर तळमजल्याची भिंत जवळजवळ आंधळी दिसते. घडीव दगडाचे जोते, त्यावर दगडाचा किंवा भाजक्या विटांचा भाग, आणि पुष्कळदा माणसाच्या उंचीच्या वर पांढऱ्या मातीचे काम, अशी तिची चढण असते. जाडी दोन-अडीच फुटांची, काही ठिकाणी त्याहूनही अधिक. घराचे खरे तोंड आतल्या चौकाकडे असते. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर ही सगळी चौकातून उजेड घेतात. रस्त्याकडे उघडते ती माडी, आणि तीही गजांच्या आणि लाकडी झडपांच्या आडून. आतल्या जमिनी आणि माळवदे सागवानी खांबांवर व तुळयांवर उभी असतात. ‘वाडा लाकडावर उभा असतो, भिंती नुसत्या आडोशाला’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. कित्येक तुळयांची टोके बाहेरच्या भिंतीत रुतवलेली असतात, काही खांब भिंतीच्या पोटातच गाडलेले असतात, आणि दीड-दोनशे वर्षांत लाकूड जिथे जिथे झिजले तिथे तिथे भिंतीने निमूटपणे त्याचा भार आपल्याकडे घेतलेला असतो. हा हिशेब कोठेही लिहिलेला नसतो.

म्हणून जाणता गवंडी भिंतीपाशी येताच घाव घालत नाही. आम्ही अभियंते नव्हे, पण पेठेतल्या एका वाड्यात असे काम चालू असताना चार दिवस जवळ उभे राहून जे पाहिले ते येथे नोंदवतो. त्याने प्रथम आतून कडीपाटाच्या कड्या कोणत्या दिशेने जातात ते पाहिले. कड्या त्या भिंतीवर टेकत असतील तर वरच्या मजल्याचा भार तिथे उतरतो, भिंतीला समांतर जात असतील तर बहुधा उतरत नाही. मग हातोड्याच्या दांड्याने भिंतीवर ठोकत तो सरकत गेला. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक त्याला पुरेसा होता. कोपऱ्यापासून अंतर सोडले, कारण कोपरा म्हणजे दोन भिंतींनी एकमेकींना धरलेली जागा आणि ती धरण सुटली की दोघीही बाहेर झुकतात. खालच्या मजल्यावर दार कोठे आहे ते पाहून नवी खिडकी त्याच्या बरोबर वर घेतली. पोकळीवर पोकळी आणि भरावावर भराव, असा त्याचा नियम होता. उलट केले तर वरच्या दोन खिडक्यांमधला भरीव पट्टा खालच्या दाराच्या माथ्यावर बसतो, आणि दाराच्या गणेशपट्टीने तेवढे ओझे उचलण्याचा करार कधी केलेला नसतो.

त्यानंतर कड्यांखाली आडवी फळी आणि तिला दोन्ही बाजूंनी टेकू. टेकू लागल्यावर पुढची कृती आम्हांला फार विलक्षण वाटली. भोक पाडायचे खिडकीचे, पण त्याने पहिली खाच पाडली ती खिडकीच्या माथ्यावर, तीही भिंतीच्या अर्ध्याच जाडीपर्यंत. त्या खाचेत पट्टी सरकवली, दोन्ही टोकांना भिंतीत वीतभर टेकवली आणि वरची फट चुन्यात कपच्या ठोकून घट्ट भरली. दोन दिवस थांबून मग दुसऱ्या बाजूने उरलेल्या अर्ध्या जाडीत तेच केले. वरचे वजन अशा रीतीने नव्या पट्टीच्या स्वाधीन झाल्यावरच खालचा भाग वरून खाली, एकेक थर असा काढला. म्हणजे खिडकीचा आधार आधी तयार झाला आणि खिडकीची पोकळी नंतर झाली. भिंतीच्या पोटात वजन कसे वळते हेही त्याने समजावले. चांगल्या सांध्याच्या वीटकामात पोकळीच्या माथ्यावरच्या एका त्रिकोणाएवढ्या भागाचाच भार पट्टीवर येतो, बाकीचा दोन्ही बाजूंनी कमानीसारखा निसटून खाली जातो. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर मात्र असा भरवसा ठेवता येत नाही. माती आपले वजन सरळ खाली टाकते.

जुन्या खिडकीच्या जागेत आणखी एक शहाणपण असते. जाड भिंतीत बाहेरून लहान आणि आतून मोठी अशी जागा कापलेली असते; बाजू आतल्या अंगाला फाकलेल्या असतात. चौकट बाहेरच्या अंगाला लहान, त्यामुळे चोराची आणि पावसाची सोय नाही. पण आत शिरलेला उजेड फाकलेल्या, चुना लावलेल्या बाजूंवरून परतून खोलीभर पसरतो. खालचा कट्टा बसायला मिळतो, आणि बाहेरच्या बाजूला त्याला किंचित उतार असतो म्हणजे पाणी चौकटीपाशी साचत नाही. आज या जागा सरसकट ‘चौकोनी’ केल्या जातात. ओळंबा आणि गुण्या लावून बाजू काटकोनात आणतात, त्यासाठी फाकलेल्या बाजूंत सिमेंटने विटा भरतात, आणि पूर्वीपेक्षा मोठी काच बसवूनही खोली पूर्वीइतकीच उजळते. सिमेंटचा दुसरा दोष ओलीचा. माती आणि चुना ओल घेतात आणि सोडतात. सिमेंटचा कठीण गिलावा ती आतच अडकवतो. नव्या चौकटीभोवतीची भिंत तीन-चार पावसाळ्यांत फुगून भुसभुशीत होते आणि दोष जुन्या मातीला दिला जातो.

आता कायद्याकडे वळू. १८८२ साली इंग्रज सरकारने सुविधाधिकारांचा कायदा केला आणि १८९१ साली तो मुंबई इलाख्याला लागू झाला. या कायद्याप्रमाणे एखाद्या घराने वीस वर्षे विनाअडथळा, शांतपणे हवा आणि उजेड घेतला असेल तर तो त्याचा हक्क होतो आणि शेजाऱ्याला भिंत उभारून तो बंद करता येत नाही. शेजारच्या रिकाम्या जागेकडे नवी खिडकी उघडली की दावे का उभे राहत, याचे उत्तर या वीस वर्षांत आहे. खिडकी म्हणजे शेजाऱ्याच्या जमिनीवर हळूहळू पिकणारा हक्क होता.

परंतु त्याच कायद्याच्या अठराव्या कलमात रूढीने मिळणाऱ्या हक्कांचे एक उदाहरण दिले आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ते मुळातून वाचावे अशी आमची शिफारस आहे. त्याचा आशय असा : एखाद्या गावात अशी रूढी आहे की शेजाऱ्याच्या घरातील खासगीपणाचा भंग होईल अशी नवी खिडकी कोणी उघडू नये. अशा गावात घर बांधणाऱ्याला हा हक्क आपोआप मिळतो, की शेजाऱ्याने नव्या खिडक्या पाडून आपल्या घराचा जो भाग सामान्यतः परक्या दृष्टीपासून दूर ठेवला जातो त्यावर नजर जाईल असे करू नये. कायद्याची उदाहरणे हवेतून येत नाहीत. गुजरात तेव्हा मुंबई इलाख्यातच होता आणि तिथली ही रूढी मुंबईच्या न्यायालयाने १८६० च्या दशकातच मान्य केली होती. पुढे १८८८ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या खटल्यात हेच तत्त्व धरले. तिथे तक्रार अशी होती, की शेजाऱ्याच्या नव्या घराच्या व्हरांड्यातून आणि दारांतून आपल्या घरातील स्त्रियांच्या वावराच्या जागा दिसतात.

‘परक्या दृष्टीपासून दूर ठेवला जाणारा भाग’ म्हणजे काय, हे कोणत्याही मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. माजघर, बाळंतिणीची खोली, परसातली न्हाणी. कालिदासाच्या नगरात खिडकीतून स्त्री बाहेर पाहते. एकोणिसाव्या शतकाच्या कायद्यात खिडकीतून परका पुरुष आत पाहतो, आणि कायदा त्या स्त्रीला विचारीत नाही. हक्क घराचा, म्हणजे घरमालकाचा. तिला त्या खोलीत उजेड हवा होता की नाही, हा प्रश्न दाव्याच्या कागदांत उद्भवतच नाही. मराठीत ‘भिंतीला कान असतात’ अशी म्हण आहे. भिंतीला डोळे असल्याची म्हण आम्हांला कोठे आढळली नाही. डोळे फुटू नयेत याची व्यवस्थाच एवढी चोख होती.

ही व्यवस्था १८९६ साली एका फटक्यात उलटली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोगाचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये सापडलेला होता. पण तो माणसापर्यंत कसा येतो हे कळलेले नव्हते. अधिकाऱ्यांच्या मनात जुनी समजूत पक्की होती, की रोग घाणीत, ओलीत, कोंडलेल्या हवेत आणि अंधारात वाढतो. अर्थातच अंधारी खोली गुन्हेगार ठरली. मुंबईत घरांना चुना लावणे, जंतुनाशके ओतणे, आतले आडोसे पाडणे, छपराची कौले उचकटून उन्हाला वाट करून देणे असे उपाय सुरू झाले. जी घरे राहण्यास नालायक ठरली त्यांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरे रंगवली गेली. ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ अशा अर्थाचा तो इंग्रजी शिक्का. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि घरात शिरण्याचा, झडती घेण्याचा, घर मोकळे करण्याचा अधिकार सरकारी माणसाला मिळाला.

पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सोल्जरांनी याच अधिकाराने वाड्यांत प्रवेश केला. ज्या माजघराकडे शेजाऱ्याची नुसती नजर जाऊ नये म्हणून कायद्यात उदाहरण घातले होते, त्याच माजघरात पंधरा वर्षांनी बूट घातलेले शिपाई उभे होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी झाडलेल्या गोळ्यांमागे अनेक कारणे होती आणि इतिहासकारांनी ती सांगितली आहेत. आम्ही येथे फक्त एवढेच सुचवू इच्छितो, की त्या संतापाचा एक धागा वास्तूचा होता. आंधळी भिंत हे पुणेरी घराचे अब्रूचे वस्त्र होते, आणि सरकार म्हणत होते की हे वस्त्रच रोगट आहे.

उपरोध असा की सरकारचे वैद्यकशास्त्र चुकीचे होते. १८९८ साली कराचीत पोल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो. त्याच्यावर लगेच कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या पद्धतशीर संशोधनाने तो खरा ठरवला. पिसू खिडकी पाहून येत नाही किंवा उन्हाने परत फिरत नाही. उंदीर मातीच्या भिंतीतल्या बिळांत राहतो, आणि भिंतीला कोठे बीळ आहे हे पाहण्याऐवजी आपण तिला आणखी भोके पाडत होतो, असे कोणी म्हटले तर ते खोटे नव्हे. पण येथे आम्हांला घाईने निकाल द्यावासा वाटत नाही. चुकीच्या कारणासाठी उघडलेल्या भिंतीतून खराच उजेड आत आला. चाळींतल्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या, बाहेरच्या हवेचे तोंड न पाहिलेल्या खोल्यांत क्षयाने माणसे मरत होती, आणि क्षयाच्या बाबतीत कोंडलेली हवा हा खरोखरच दोषी होता.

१८९८ साली मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ, लोकांच्या तोंडी ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’, स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यान दिले, आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम हा त्यांचा ध्यास होता. आकडा विचित्र वाटतो. अर्थ सोपा आहे. खिडकीसमोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असू नये, म्हणजे आकाशाचा तुकडा खोलीतून दिसत राहील. भूमितीच्या एका कोनाने गरिबाच्या खोलीचे आकाश मोजले गेले. या नियमामागची भावना आम्हांला मनापासून आदरणीय वाटते. तो पाळण्यासाठी जी दाट वस्ती पाडली गेली तिच्यातली माणसे पुढे कोठे राहिली, हा प्रश्न मात्र कोनमापकाने सुटत नाही.

सरकारने खिडकीत हात घालण्याचे उलटे उदाहरणही नोंदवण्याजोगे आहे. इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घेत, आणि तो वाचवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. फ्रान्समध्ये दारे-खिडक्यांवरचा कर १७९८ मध्ये आला तो १९२६ पर्यंत टिकला. ज्या राज्यकर्त्यांच्या घरी खिडकी असणे महाग होते, त्यांनीच आपल्या घरी खिडकी नसणे गुन्हा ठरवावे, यात इतिहासाचा एक मिस्कीलपणा आहे.

तिसरा कायदा आपल्या काळातला. भाडेनियंत्रणामुळे वाड्यांचे मालक दुरुस्ती करीनात आणि भाडेकरूंना भिंतीला हात लावण्याची भीती वाटे, कारण परवानगीवाचून पक्के बांधकाम केले तर घर सोडावे लागण्याचा धोका. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ यात या ‘पक्क्या बांधकामा’चा खुलासा करताना त्यातून काही कामे वगळली आहेत : लाकडी आडोसा, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळीकाम, आणि हवा खेळण्यासाठी आवश्यक अशी खिडकी उघडणे. पालिकेची परवानगी जिथे लागते तिथे ती घेतलेली असावी, एवढीच अट. १८८२ च्या कायद्यात नवी खिडकी हे शेजाऱ्यावरचे आक्रमण असू शकते. १८९७ मध्ये खिडकी नसणे हाच आरोप होतो. १९९९ मध्ये उभ्या ओट्याच्या शेजारी बसून ती एक साधी घरगुती गरज होते. उभा ओटा आणि खिडकी एकाच वाक्यात यावीत हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. चुलीपुढे धुरात बसणारी बाई उभी राहिली आणि तिच्या समोरच्या भिंतीला खिडकी आली, हा बदल आपल्या सामाजिक इतिहासाच्या पुस्तकांत जितका यायला हवा तितका आलेला नाही.

कोकणपट्टी आणि गोव्याची गोष्ट थोडी निराळी. तिथे पावसाचा मारा असा की नुसती लाकडी झडप मिटून बसावे तर चार महिने अंधार. गोव्यातल्या जुन्या घरांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे शिंपल्यांची तावदाने. एका जातीच्या चपट्या, जवळजवळ पारदर्शक शिंपल्या घासून, लाकडी पट्ट्यांच्या जाळीत सरकवून बसवीत. त्यांतून उजेड येतो, नजर जात नाही. हवा-उजेड आणि खासगीपण यांच्यासाठी देशावर ज्या वेळी दावे चालत होते, त्या वेळी किनाऱ्यावर एका शिंपल्याने दोन्ही पक्ष राखले होते. आता दुरुस्तीत या झडपा निघतात आणि त्यांच्या जागी साधी काच येते. मग काचेमागे पडदा लावावा लागतो.

पुण्यात जुन्या भिंतींचा सर्वांत मोठा संहार कोणा गवंड्याने केला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. त्यानंतर जे उभे राहिले ते बहुतांशी काँक्रीटचे. काँक्रीटच्या सांगाड्यात वजन खांबांवरून जाते, भिंत नुसती भरीची असते, म्हणून खिडकी कोठेही आणि कितीही रुंद घेता येते. राष्ट्रीय इमारत संहिता आता खोलीच्या क्षेत्रफळाशी खिडकीचे प्रमाण सांगते, उष्ण आणि कोरड्या हवेत एक-दशांश, उष्ण आणि दमट हवेत एक-षष्ठांश. जे वाडे वाचले त्यांच्यावर या नव्या घरांच्या सवयी लादल्या जातात हीच अडचण आहे. ज्याने आयुष्यभर सदनिकांची कामे केली तो कंत्राटदार पांढरीच्या भिंतीकडेही भरीची भिंत म्हणूनच पाहतो. कटर चालतो, एका दुपारी सहा फुटांची जागा मोकळी होते, सरकत्या काचांची अॅल्युमिनियमची खिडकी संध्याकाळपर्यंत बसते. कडीपाटाला बाक येतो तो पुढच्या वर्षी.

ज्यांना असे काम करायचेच आहे त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. संरचनेचे जाणकार आधी घरी आणावेत. आणि गिलावा काढल्यावर दोन दिवस थांबावे. जुन्या भिंतीत कोनाडे असतात, दिवळ्या असतात, आणि पुष्कळदा बुजवलेल्या खिडक्याही असतात. कधी भावाभावांच्या वाटणीत बुजवलेल्या, कधी शेजाऱ्याच्या तक्रारीवरून. वर सांगितलेल्या कामात आम्ही हेच पाहिले. घरमालकिणीने खिडकीसाठी जी जागा दाखवली होती तिच्या हातभर डावीकडे गिलाव्याखाली विटांची एक चपटी कमान निघाली, आणि तिच्या आतल्या विटा आडव्यातिडव्या, मातीत घाईने रचलेल्या होत्या. गवंड्याने तिथे दांडा ठोकून पाहिला, आवाज पोकळ आला. कमान जागेवर होती. वरचे वजन कित्येक वर्षे तिच्या अंगावरून दोन्ही बाजूंना उतरत होते. त्याने खडूने आखलेला चौकोन पुसला आणि हातभर डावीकडे पुन्हा आखला. त्या आजी म्हणाल्या, ‘‘म्हणजे इथे होतीच की !’’ आणि सुताराला चौकटीचे माप बदलायला सांगायला खाली गेल्या.